ऐकण्याचा सुगंध : जपानी काष्ठमुद्राचित्रांतील गंधसभा

जपानमध्ये एकोणिसाव्या शतकात लाकडी ठशांनी छापलेल्या रंगीत चित्रांचा एक मोठा वर्ग ‘गेन्जी-ए’, म्हणजे ‘गेन्जीची चित्रे’, या नावाने ओळखला जातो. राजदरबारातील उमरावांचे आणि स्त्रियांचे जीवन हा या चित्रांचा विषय होय. गंधसभेची चित्रे याच परंपरेत येतात. असे एखादे चित्र समोर ठेवले असता त्यात काही घडते आहे असे प्रथमदर्शनी वाटतच नाही. चटयांच्या जमिनीवर काही माणसे शांत बसलेली असतात. त्यांच्या वस्त्रांचा घेर भोवती पसरलेला असतो. मध्ये लाखेच्या कामाची एखादी पेटी, काही इवलीशी उपकरणे आणि मुठीत मावेल एवढी एक धूपदाणी. कुणाच्या तरी तळहातावर ती धूपदाणी असते आणि त्या व्यक्तीची मान किंचित झुकलेली असते. युद्ध नाही, नृत्य नाही, भोजन नाही. धूरसुद्धा क्वचितच दिसतो.

अशा चित्रापुढे थांबलेल्या वाचकाच्या मनात दोन प्रश्न उभे राहावेत. जे डोळ्यांना दिसत नाही ते चित्रकाराने कशाच्या आधारे दाखविले? आणि ज्या सभेत सामान्य माणसाला कधी पाऊल टाकता आले नसते, त्या सभेचे चित्र सामान्य नगरजनांनी पदरचे पैसे देऊन विकत का घेतले? पहिला प्रश्न कलेचा आहे, दुसरा समाजाचा. प्रस्तुत लेखात या दोन्ही प्रश्नांचा एकत्र विचार करावयाचा आहे.

१. सरपणातून दरबारात

‘निहोन शोकी’ हा जपानचा प्राचीन इतिहासग्रंथ इ. स. ७२० मध्ये पूर्ण झाला. त्यात इ. स. ५९५ मधील एका घटनेची नोंद आहे. आवाजी नावाच्या बेटाच्या किनाऱ्याला समुद्रातून एक मोठा ओंडका वाहत येऊन लागला. बेटावरील लोकांना ते लाकूड कोणते हे ठाऊक नव्हते. त्यांनी ते इतर सरपणाबरोबर चुलीत घातले, तेव्हा त्याचा सुवास दूरवर पसरला. त्या लोकांना त्याचे नवल वाटले आणि त्यांनी तो ओंडका राजदरबारात नेऊन दिला. अगरूच्या लाकडाविषयीची जपानमधील ही सर्वांत जुनी नोंद मानली जाते.

या नोंदीतील एक गोष्ट आपण लक्षात ठेवली पाहिजे. जपानच्या इतिहासात अगरूचा सुगंध प्रथम ओळखला तो बेटावरच्या अनाम कष्टकऱ्यांनी, आणि तोही चुलीपाशी. दरबाराला तो त्यांच्याकडून मिळाला.

गंधद्रव्ये जपानमध्ये रुजली ती बौद्ध धम्माबरोबर. सहाव्या शतकात कोरियाच्या मार्गाने धम्म तेथे पोहोचला आणि विहारांत धूप अर्पण करण्याची रीतही त्याच्यासोबत गेली. आठव्या शतकात चिनी भिक्खू गान्जिन हे समुद्रप्रवासातील अनेक अपयशांनंतर, दृष्टी गमावलेल्या अवस्थेत, जपानला पोहोचले. विनयाच्या शिकवणुकीबरोबर औषधी व गंधद्रव्यांचे ज्ञानही त्यांनी तेथे नेले असे मानले जाते.

या प्रवासाच्या खुणा भाषेतही उरल्या आहेत. जपानी भाषेत चंदनाला ‘सेन्दान’ असा एक शब्द आहे. आपला ‘चंदन’ चिनी लिपीतून फिरत तेथे ‘सेन्दान’ झाला. अगरूला जपानी लोक ‘जिन्को’ म्हणतात. त्याचा अर्थ ‘बुडणारा सुगंध’. सामान्य लाकूड पाण्यावर तरंगते. परंतु अगरूच्या झाडाला इजा झाली आणि बुरशीचा संसर्ग झाला की ते झाड जखमेभोवती राळ साठवू लागते. वर्षानुवर्षे राळ मुरलेला तो भाग इतका जड होतो की पाण्यात बुडतो. निरोगी झाडाच्या लाकडाला हा सुगंध नसतो. आपल्याकडील ‘अगरबत्ती’ या शब्दात तेच ‘अगर’ आहे, आणि ‘उदबत्ती’तील ‘ऊद’ हे त्याच लाकडाचे अरबी नाव.

बौद्ध वाङ्मयाला गंधाची उपमा नवी नाही. ‘धम्मपदा’च्या पुप्फवग्गात चंदन व तगर या सुगंधी द्रव्यांशी शीलाची तुलना केलेली आहे. महायान परंपरेतील ‘विमलकीर्तिनिर्देश’ सूत्रात तर अशा एका लोकाचे वर्णन येते, जेथे उपदेश शब्दांनी न होता सुगंधाने होतो. त्या लोकातून आणलेल्या सुगंधी अन्नाचे एक पात्र वैशालीतील विमलकीर्तीच्या घरी येते. जमलेले सर्वजण त्यातून तृप्त होईपर्यंत जेवतात आणि तरीही ते पात्र रिकामे होत नाही. हे सूत्र जपानमध्ये फार पूर्वीपासून अभ्यासले गेले आहे. वाटल्याने न सरणाऱ्या वस्तूसाठी सूत्रकाराला सुगंधाहून योग्य प्रतीक दुसरे कोणते मिळाले असते!

२. दरबारातील दार

दरबारात गेल्यावर मात्र हा सुगंध सर्वांचा राहिला नाही. नवव्या ते बाराव्या शतकातील हेइआन काळात, क्योतोच्या राजदरबारात, निरनिराळी गंधद्रव्ये कुटून मधात मळायची, त्यांच्या गोळ्या करायच्या आणि त्या मुरण्यासाठी जमिनीत पुरून ठेवायच्या अशी पद्धत होती. अगरू, चंदन, लवंग, कस्तुरी, विशिष्ट शिंपल्यांची पूड हे त्यांतील प्रमुख घटक. यांपैकी बहुतेक परदेशांतून येत आणि म्हणून अत्यंत महाग असत. घटकांचे प्रमाण हे घराण्याचे गुपित असे. वस्त्रांना दिलेल्या धुरीवरून अंधारातही माणूस ओळखावा, इतके हे शास्त्र पुढे गेले होते.

या जीवनाचे सर्वांत सूक्ष्म चित्र मुरासाकी शिकिबु या दरबारी स्त्रीने अकराव्या शतकाच्या प्रारंभी लिहिलेल्या ‘गेन्जी मोनोगातारी’ या चौपन्न प्रकरणांच्या कादंबरीत आढळते. तिचे बत्तिसावे प्रकरण ‘उमेगाए’, म्हणजे ‘आलुबुखाराच्या जातीच्या उमे वृक्षाची फांदी’. नायक गेन्जी आपल्या मुलीच्या वयात येण्याच्या संस्कारासाठी घरातील व परिचयातील स्त्रियांकडे गंधद्रव्ये पाठवितो आणि प्रत्येकीने दोन प्रकारचे गंध तयार करावेत अशी विनंती करतो. नव्याने आलेल्या द्रव्यांचा दर्जा जुन्यांच्या तोडीचा नाही हे पाहून तो कोठारे उघडवितो व जुनी द्रव्ये काढवितो. स्वतः गेन्जी ज्या कृती वापरतो त्या एका जुन्या सम्राटाच्या असून पुरुषांना सांगू नयेत असा त्यांविषयी निर्बंध होता. तो त्याने कसा चुकविला याचे लेखिका सूचक नवल करते.

पावसाची हलकी सर येऊन गेलेली, अंगणातील लाल उमे फुललेला, अशा संध्याकाळी राजपुत्र होतारु भेटीस येतो आणि परीक्षकाचे काम त्याच्याकडे सोपविले जाते. राजकन्या असागाओ काचेच्या दोन पात्रांतून आपला गंध पाठविते. पात्रांवर एकीकडे पाइनची, दुसरीकडे उमेची फांदी. हानाचिरुसातो ही स्वभावाने संकोची स्त्री दोनाऐवजी एकच गंध पाठविते, कमळाच्या पानाचा. होतारु प्रत्येक गंधात काही ना काही गुण शोधतो आणि कुणालाच हरवीत नाही. त्यावर हा परीक्षक भलताच धोरणी आहे अशी गेन्जी त्याची थट्टा करतो.

हा प्रसंग मनोहर आहे यात शंका नाही. परंतु त्या दालनात कोण होते हेही पाहिले पाहिजे. ज्या स्त्रियांनी गंध तयार केले त्या पडद्यांच्या आणि चिकांच्या आड. ज्यांनी द्रव्ये कुटली, मध आणला, कोळसा पाडला, ते कथेत जवळजवळ नाहीतच. आवाजी बेटावरील चुलीपासून निघालेला सुगंध येथे अनेक दारांच्या आत जाऊन बसला होता.

३. गंध ‘ऐकण्याची’ रीत

पंधराव्या शतकात, शोगुन आशिकागा योशिमासाच्या काळात, गंधाच्या उपासनेला शास्त्रशुद्ध रूप आले. उमराव व कवी सान्जोनिशी सानेताका आणि योद्धावर्गातील शिनो सोशिन या दोघांकडून निघालेल्या परंपरा आजही चालू आहेत. या कलेला ‘कोदो’, म्हणजे ‘गंधमार्ग’, असे म्हणतात. आता मळलेल्या गोळ्यांऐवजी अगरूच्या लाकडाचे बारीक तुकडे वापरले जाऊ लागले.

तिची कृती चित्र समजण्यासाठी जाणून घेणे आवश्यक आहे. धूपदाणीत मऊ राख भरतात. राखेत पेटता कोळसा पुरतात. वर राखेचा शंकूसारखा ढीग रचून त्यावर रेषा ओढतात आणि उष्णता वर यावी म्हणून शिखरातून खाली एक छिद्र पाडतात. त्यावर अभ्रकाची पातळ चकती आणि चकतीवर नखाहूनही लहान असा अगरूचा तुकडा. लाकूड जळत नाही, केवळ तापते. म्हणूनच गंधसभेत धुराचे लोट नसतात, आणि चित्रातही ते शोधू नयेत.

पाहुणा धूपदाणी डाव्या तळहातावर घेतो, उजव्या हाताची ओंजळ तिच्यावर झाकणासारखी धरतो आणि ठेवलेल्या फटीतून सावकाश श्वास घेतो. साधारणपणे तीन श्वास. उच्छ्वास सोडताना तोंड बाजूला वळवितो, म्हणजे राख उडत नाही. मग धूपदाणी पुढच्याकडे जाते. या क्रियेला जपानी भाषेत गंध ‘हुंगणे’ न म्हणता गंध ‘ऐकणे’ म्हणतात. ज्या चिन्हाने हा शब्द लिहितात त्याला चिनी भाषेत ऐकणे आणि वास घेणे असे दोन्ही अर्थ आहेत. जपानी परंपरेने त्यातील ‘ऐकणे’ जपले, कारण ऐकणाऱ्याला गप्प बसावे लागते.

चित्रकाराला अदृश्य सुगंध दाखविण्याची युक्ती येथेच सापडली. गंध काढता येत नाही. परंतु लक्ष देणारे शरीर काढता येते. झुकलेली मान, अर्धवट मिटलेले डोळे, हातांची ओंजळ, शेजाऱ्याची वाट पाहणारी स्थिर मुद्रा, या सर्वांतून चित्र पाहणाऱ्याला सुगंध जाणवतो.

४. पाच रेघा, बावन्न आकृत्या

अनेक गेन्जी-चित्रांत कोपऱ्यात किंवा शीर्षकाजवळ पाच उभ्या रेघांची एक आकृती दिसते. काही रेघा वरच्या टोकाला आडव्या रेघेने जोडलेल्या असतात. अपरिचित माणसाला ती शोभेची नक्षी वाटते. प्रत्यक्षात ते एका खेळाचे उत्तर आहे.

या खेळाचे नाव ‘गेन्जी-को’. पाच प्रकारचे गंध घेतात. प्रत्येकाच्या पाच पुड्या, म्हणजे एकूण २५. त्या मिसळून त्यांतील कोणत्याही पाच उचलतात आणि एकामागून एक तापवितात. पाहुण्याने ओळखायचे ते गंधाचे नाव नव्हे. पाचांपैकी कोणते एकसारखे आणि कोणते निराळे, एवढेच. तो उजवीकडून डावीकडे पाच उभ्या रेघा ओढतो आणि जे गंध समान वाटले त्यांच्या रेघा माथ्यावर जोडतो. तयार झालेल्या आकृतीला गेन्जीच्या एका प्रकरणाचे नाव ठरलेले असते. पाचही भिन्न असतील तर पाच सुट्या रेघा, ते दुसरे प्रकरण ‘हाहाकिगी’. पाचही समान असतील तर सर्व रेघा एकत्र जोडलेल्या, ते त्रेपन्नावे प्रकरण ‘तेनाराई’.

अशा एकंदर आकृत्या किती होतील? विद्यार्थ्यांनी स्वतः मोजून पाहावे. येथे ताळा देत आहोत :

पाचही भिन्न : १
एकच जोडी समान : १०
दोन जोड्या समान, एक निराळा : १५
तीन समान, उरलेले दोन परस्परभिन्न : १०
तीन समान, उरलेले दोन परस्परसमान : १०
चार समान, एक निराळा : ५
पाचही समान : १
एकूण : ५२

कादंबरीची प्रकरणे ५४, आकृत्या ५२. म्हणून पहिले व शेवटचे प्रकरण वगळून उरलेल्यांना आकृत्या वाटून दिल्या गेल्या. अशा मोजणीचा विचार जपानी गणितज्ञांनी अठराव्या शतकातच केला होता. कुरुमे संस्थानचे अधिपती व गणिती अरिमा योरियुकी यांच्या १७६९ मधील ग्रंथात त्याची रीत आलेली आहे. आधुनिक गणितात या प्रकारच्या संख्यांना ‘बेल संख्या’ म्हणतात. एका घरगुती खेळातून गणिताचे एक दालन असे उघडले.

या खेळातील एक नियम आपल्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. कुणीही आपले उत्तर मोठ्याने सांगत नाही. प्रत्येकजण ते आपापल्या कागदावर लिहितो आणि शेवटी सर्व कागद एकत्र नोंदविले जातात. शेजारी बसलेला उमराव असो वा गुरू असो, त्याच्याकडे पाहून रेघ जोडता येत नाही. आपल्या नाकाला जे कळले तेच लिहायचे. जन्माने मिळालेला मान येथे उत्तराच्या कामी येत नाही. उपयोगी पडते ती सावधानता आणि स्मरण. दरबारी वाटणाऱ्या या खेळाच्या गाभ्यातच दरबाराला छेद देणारी ही समता आहे.

५. ठशांनी उघडलेले दार

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. एदो, म्हणजे आजचे टोकियो, हे एकोणिसाव्या शतकात व्यापारी, कारागीर आणि मजूर यांचे प्रचंड नगर होते. या लोकांना दरबारात स्थान नव्हते, परंतु त्यांच्यात साक्षरता वाढली होती आणि पुस्तके व चित्रे यांची त्यांना ओढ होती. त्यांच्यासाठी छापली जाणारी चित्रे म्हणजे ‘उकियो-ए’.

असे चित्र एका माणसाचे काम नसे. प्रकाशक भांडवल घाली व विषय ठरवी. चित्रकार पातळ कागदावर रेखाटन करी. ते रेखाटन रानचेरीच्या लाकडी फळीवर उलटे चिकटवून कोरक्या त्याच्या रेषा सोडून बाकीचे लाकूड कोरून काढी. मूळ कागद यात नष्ट होई. मग प्रत्येक रंगासाठी वेगळा ठसा. फळीच्या कडेला कोरलेल्या खुणांना कागद टेकवून छपाईकार एकेक रंग उमटवी आणि बांबूच्या सालीने मढविलेल्या गोल चकतीने कागद घासून रंग त्यात मुरवी. १७६५ च्या सुमारास सुझुकी हारुनोबु यांच्या काळात अनेक रंगांची अशी छपाई बहरास आली. काही उंची प्रतींत रंगाशिवाय केवळ दाबाने वस्त्रांवरची नक्षी उठविली जाई, तर काहींच्या पार्श्वभूमीवर अभ्रकाची पूड चमके. धूपदाणीत गंधाखाली असणारे अभ्रक आणि चित्रात माणसामागे चमकणारे अभ्रक, हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे.

आणि किंमत? सुमारे ३९ सेंटिमीटर उंच व २६ सेंटिमीटर रुंद असे एक साधे चित्र रस्त्यावरच्या दुकानात शेवयांच्या एका वाडग्याला जितके पैसे पडत, साधारण तितक्यात मिळे. ज्या सुगंधाचा एक कणही ज्याला परवडला नसता, त्याच्या भिंतीवर गंधसभा येऊन बसली.

राज्यकर्त्यांना हे दार उघडे राहावे असे वाटत नव्हते. १८२९ पासून र्‍युतेई तानेहिको हे लेखक गेन्जीच्या कथेचे लोकभाषेतील रूपांतर, ‘निसे मुरासाकी इनाका गेन्जी’, क्रमशः प्रसिद्ध करीत होते. चित्रे उतागावा कुनिसादा (१७८६–१८६५) यांची. नायकाचे नाव मित्सुउजी; त्याच्या टोकाशी दुभंगलेल्या शेंडीवरून तो कुठल्याही चित्रात ओळखू येतो. हे पुस्तक अफाट लोकप्रिय झाले. परंतु त्यात शोगुनच्या अंतःपुरावर टीका आहे असा बोलबाला झाला, आणि १८४२ मध्ये तेन्पो सुधारणांच्या कडक आज्ञांखाली त्याचे प्रकाशन बंद पाडण्यात आले. तानेहिको यांचे त्याच वर्षी निधन झाले. चित्रांचे विषय, रंगांची संख्या आणि किंमत यांवरही निर्बंध आले.

लगेच पुढच्या वर्षांत, सुमारे १८४३ ते १८४७ च्या दरम्यान, कुनिसादा यांनी ‘गेन्जी-को नो झु’ म्हणजे ‘गेन्जी-गंधाच्या आकृत्या’ ही चित्रमाला काढली. प्रत्येक प्रकरणाला एक चित्र आणि त्यासोबत त्या प्रकरणाची खूण. अभिजात ग्रंथाचा विषय हा त्या दिवसांत सुरक्षित मानला जात होता. बंद केलेली गोष्ट पाच रेघांच्या आश्रयाने पुन्हा लोकांच्या घरी गेली. पुढे गेन्जी-चित्रांची लाट दोन दशके टिकली, आणि त्या पाच रेघा वस्त्रांवर, भांड्यांवर, मिठाईवरसुद्धा उमटू लागल्या.

६. चित्र कसे वाचावे?

गंधसभेचे काष्ठमुद्राचित्र पाहण्याची संधी मिळाली तर पुढील क्रमाने पाहावे.

प्रथम काळ पाहावा. कथा अकराव्या शतकातील, पाच रेघांचा खेळ त्यानंतर कित्येक शतकांनी आलेला, आणि स्त्रियांची वस्त्रे व केशरचना बहुधा चित्रकाराच्या स्वतःच्या काळातील. एकाच कागदावर असे निरनिराळे काळ एकत्र बसलेले असतात. ही चित्रकाराची चूक नव्हे. जुनी गोष्ट आपली करून घेण्याची ती रीत आहे.

नंतर जागा पाहावी. जुन्या दरबारी चित्रपरंपरेत घराचे छप्पर काढून टाकल्यासारखे दाखवितात आणि आपण वरून आत पाहतो. जी दालने भिंतींआड होती ती पाहणाऱ्यापुढे उघडी होतात.

मग हात पाहावेत. धूपदाणी कोणाच्या हाती आहे, कोण लिहिण्याच्या तयारीत आहे, कोण उपकरणे मांडते आहे?

आणि शेवटी नावे पाहावीत. चित्रकाराची सही ठळक असते, प्रकाशकाची खूण असते, शासकीय तपासनिसाचा शिक्का असतो. कोरक्याचे नाव एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून काही चित्रांवर दिसू लागते; छपाईकाराचे त्याहूनही क्वचित. केसांची एकेक बट सुटी कोरणारा हात आणि आकाशाचा निळा रंग हळूहळू विरळ करणारा हात, यांपैकी बहुतेक हात अनामच राहिले. आवाजी बेटावरचे लोकही अनामच होते.

७. वर्गात करून पाहण्याजोगा पाठ

हा खेळ महागड्या अगरूवाचूनही खेळता येतो. लवंग, वेलची, दालचिनी, बडीशेप आणि जायफळ भरड कुटून घ्यावे. प्रत्येकाच्या सारख्या दिसणाऱ्या पाच पुरचुंड्या मलमलीच्या कापडात बांधाव्यात. सर्व २५ पुरचुंड्या एका परडीत मिसळून त्यांतील पाच न पाहता काढाव्यात व त्यांना क्रमांक द्यावेत. विद्यार्थ्यांनी गोलाकार बसावे. पुरचुंडी हातोहात फिरावी, प्रत्येकाने तीन सावकाश श्वास घ्यावेत आणि न बोलता आपल्या कागदावर रेघ ओढावी. मिरची, हिंग यांसारखे उग्र पदार्थ टाळावेत. पाचवी फेरी संपल्यावर रेघा जोडाव्यात आणि मगच उत्तरे ताडून पाहावीत.

पालकांनी घरी व माजी विद्यार्थ्यांनी आपल्या स्नेहमेळाव्यातही हा खेळ अवश्य करून पाहावा. त्यात वयाचा, पदाचा किंवा गुणपत्रिकेचा उपयोग होत नाही हे थोड्याच वेळात ध्यानात येईल. दहा मिनिटांची शांतता लाभेल. आणि वर्गात नेहमी मागे बसणारे एखादे मूल सर्वांच्या आधी पाचही ओळखेल, ही शक्यता मोठी आहे.

स्वाध्याय

१. गंध ‘हुंगणे’ आणि गंध ‘ऐकणे’ यांतील भेद आपल्या शब्दांत लिहा.
२. पाचाऐवजी चारच गंध घेतले तर किती आकृत्या होतील ते काढून दाखवा. (उत्तर : १५)
३. ‘उमेगाए’ प्रकरणातील परीक्षक कुणालाच हरवीत नाही. त्याचे हे वागणे न्यायाचे की सोयीचे? दोन्ही बाजू मांडा.
४. १८४२ च्या आज्ञांनी पुस्तक बंद झाले, पण गोष्ट बंद झाली नाही. असे का झाले?
५. आपल्या घरातील किंवा गावातील अशी एक कला निवडा, जिच्या कर्त्याचे नाव कुठेही लिहिलेले नाही. त्या कर्त्याला शोधा, त्याच्याजवळ बसून कामाची रीत समजून घ्या, आणि त्याच्या नावासह लिहून ठेवा.